गड आहे, वाटाड्या हवा

समुद्रावरचा पूल झाला, उरणची लोकल सुरू झाली आणि पनवेल-उरणच्या आसपासचे गड मुंबईकरांना एका रविवारात उरकता येऊ लागले. किल्ल्यांच्या सहली काढणारी मंडळेही वाढली. पण गडावर नेणे वेगळे आणि गड दाखवणे वेगळे.

जासई हे उरण तालुक्यातले गाव. महाराष्ट्राला ते ठाऊक झाले १९८४ च्या जानेवारीत. नवी मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनींचा रास्त मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारीला या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. दि. बा. याच जासईचे. त्याआधीचे जासई म्हणजे भातखाचरे, खाडी आणि मिठागरे. मग २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि गावाच्या दारावरून कंटेनरच्या गाड्यांची रीघ लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी तर एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. शिवडीहून निघणारा अटल सेतू जासईच्या शेजारी चिर्ल्याला येऊन टेकला आणि लोकल थेट उरणपर्यंत धावू लागली.

या गावाच्या दास्तान फाट्यावर बंदराने उभारलेले शिवसमर्थ स्मारक आहे. सुटीच्या दिवशी लेकुरवाळी कुटुंबे तिथे येतात, फोटो काढतात. अशा ठिकाणी एखादे चुणचुणीत पोर हमखास विचारते, ‘‘बाबा, महाराज इथे आले होते का?’’ बाबा जरा गडबडतात. चूक त्यांची नाही. या मातीशी शिवकाळाचा संबंध काय, हे पुतळ्यापुढे उभे राहून सांगणे कठीणच. ते सांगायला गड लागतो. जासईहून गव्हाण फाटा, तिथून पळस्पे आणि पुढे गोव्याच्या रस्त्याला लागले की तासाभरात कर्नाळ्याचा अंगठा दिसू लागतो. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. मात्र ते उलगडून दाखवणारा कोणीतरी सोबत हवा.

हल्ली असे सोबती पुष्कळ मिळतात, असे वाटण्याजोगी परिस्थिती आहे. शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे ठाणे, वाशी, पनवेलच्या नाक्यांवर बस उभ्या असतात. नाश्ता, दोन वेळचा चहा, जेवण, ‘अनुभवी मार्गदर्शक’ आणि वर प्रमाणपत्र. चाळीस-पन्नास माणसे गडाच्या पायथ्याशी उतरतात. गळ्यात शिटी अडकवलेला तरुण पुढे आणि बाकीचे धापा टाकीत मागे. माथ्यावर पोचले की भगवा, घोषणा, सामुदायिक छायाचित्र. ऊन चढायच्या आत खाली. संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला विचारावे की काय पाहिलेस, तर तो गडाची उंची सांगतो आणि चढायला किती वेळ लागला ते सांगतो. गड सर झाला खरा. तो कळला का, हे विचारायला कोणाला सवड नसते.

परंपरा जुनी आहे

गडावर जाणे ही काही आजची टूम नव्हे. महात्मा फुले यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा १८६९ सालचा. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला, तेव्हा माणसे दूरदूरच्या गावांहून अवघड वाटा तुडवीत तिथे गेली होती. गड म्हणजे नुसते पडके दगड नव्हेत, तिथे जाऊन उभे राहिले की आपल्या मनात काही जागे होते, हे त्या पिढीने ओळखले होते.

पुढे गो. नी. दांडेकरांनी गडभ्रमंतीला घराघरांत नेले. हा माणूस पावसाळ्यात-उन्हाळ्यात गडांवर राहिला, तिथल्या धनगरांशी, गडकऱ्यांशी बोलला, त्यांच्या चुलीवरची भाकरी खाल्ली आणि तरुणांना बरोबर घेऊन हिंडला. त्यांचे ‘माचीवरला बुधा’ वाचून राजमाचीला गेलेले कितीतरी वाचक आज आजोबा झाले असतील. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था निघाली. त्यानंतर मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा गावोगावी गिरिभ्रमण मंडळे उभी राहिली. त्यांचा रिवाज साधा होता. एस. टी.ने पायथा गाठायचा, खांद्यावरच्या पिशवीत शिधा, हातात कंदील, मुक्काम देवळात. नेणारा पैसे घेत नसे. त्याचे गडावर प्रेम असे आणि ते दुसऱ्याला लागावे एवढीच त्याची इच्छा असे.

आता त्याचा व्यवसाय झाला, यात वाईट काही नाही. नीट शिकून, जबाबदारीने कोणी हे काम करीत असेल तर त्याला त्याचे मोल मिळायलाच हवे. प्रश्न एवढाच की आपण मोल मोजतो ते बसच्या आसनाचे, पोह्यांचे की गड दाखवण्याचे?

कर्नाळ्याची उजळणी

गड दाखवणे म्हणजे काय, हे कर्नाळ्याच्याच वाटेवर पाहू. जाणता वाटाड्या असेल तर तो सहलीची सुरुवात गडावर करणार नाही. पळस्पे ओलांडल्यावर शिरढोणला तो गाडी थांबवील. हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे गाव. ४ नोव्हेंबर १८४५ चा त्यांचा जन्म. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला आणि किल्लेदाराचे घर पायथ्याच्या गावात राहिले. घराच्या अंगणातून रोज जो गड दिसायचा तो आपल्या आजोबांच्या ताब्यातून गेला, हे ऐकत वाढलेला मुलगा पुढे इंग्रजांविरुद्ध बंड करतो आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी दूर एडनच्या तुरुंगात प्राण ठेवतो. हे पायथ्याशी ऐकले की वरच्या तटाकडे पाहण्याची नजर बदलते. पाच मिनिटांचा थांबा. पण वेळापत्रकात तो बहुधा नसतो.

मग कर्नाळ्याचे रान लागते. पनवेलपासून बारा किलोमीटरवरचे हे अभयारण्य १९६८ मध्ये पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले. आता त्याचे क्षेत्र बारा चौरस किलोमीटरांच्या थोडे वर आहे. म्हणजे एवढ्याशा जंगलाने मुंबई आणि बंदर यांच्या कुशीत तग धरला आहे. प्रवेशदारी सोबतच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत रक्कम ठेवून घेण्याची पद्धत वनखात्याने पाडली. काहींना ती जाचक वाटते. पण उतरताना बाटली परत दाखवून पैसे घेणारे पोर पुन्हा कधी वाटेवर बाटली टाकणार नाही. या झाडीत शीळकरी कस्तुर गातो, भृंगराज आपली लांब शेपटी मिरवत जातो. पण पन्नास माणसांचा घोळका गाणी म्हणत चालला तर त्यांतले काहीच दिसायचे नाही. म्हणून चांगला वाटाड्या पहिला अर्धा तास गप्प चालायला लावतो. मुलांना हा खेळ फार आवडतो.

दीड-दोन तासांच्या चढणीनंतर गड येतो. उंची साडेचारशे मीटरांच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने किरकोळ. पण मधोमध शे-सव्वाशे फुटांचा काळाकभिन्न सुळका असा काही ताठ उभा आहे की पाहणारा क्षणभर बोलणे विसरतो. लाव्हाच्या थरांतून कोट्यवधी वर्षांपूर्वी बनलेला हा कातळ. त्याच्या पायाशी पाण्याची टाकी आणि कोठारे कोरलेली आहेत. इथे वाटाड्याने थांबून एकच प्रश्न विचारावा, ‘‘या गडावर विहीर नाही, नदी नाही. मग चार-दोनशे माणसे मे महिन्यात काय पीत असतील?’’ मुले इकडेतिकडे पाहतात आणि टाकी त्यांची त्यांनाच सापडतात. ज्या कातळात टाके कोरले त्याच कातळाचा निघालेला दगड तटाला लागला, हे कळले म्हणजे गड बांधणाराची अक्कल उमगते.

सुळक्याच्या कपारींना आग्यामोहोळे लटकलेली असतात. धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर यांनी ती उठतात आणि उठली तर पळायला जागा नसते. नवख्या म्होरक्याला हे माहीत नसते. माहीतगार माणूस मात्र पायथ्याशीच सांगतो की वर विडी नाही, फटाका नाही, घोषणाही नाही.

आता तटावर उभे राहून पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे पाहावे. खाली पनवेलचा मुलूख, पलीकडे खाडी आणि हवा स्वच्छ असेल तर बंदराच्या बाजूचे क्षितिज. पूर्वेकडे प्रबळगड, इर्शाळ, माणिकगड आणि त्यांच्यामागे सह्याद्रीची भिंत. गड इथे का, याचे उत्तर या देखाव्यात आहे. पनवेल हे जुने बंदर. तिथे उतरलेला माल बोरघाटाने देशावर चढायचा. त्या वाटेवर ज्याची नजर, जकातीवर त्याचा हात. सोळाव्या शतकात निजामशाही, गुजरातचे सुलतान आणि वसईचे पोर्तुगीज यांच्यात या एवढ्याशा गडावरून ओढाताण झाली ती याचसाठी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. माती आणि फळ्यांचे आडोसे पुढे सरकवीत, त्यांच्या आडून मावळे गडाला भिडले, अशी नोंद आहे.

जासईच्या मुलाला हे सगळे सर्वांत लवकर कळावे. बंदरातून निघालेली कंटेनरची गाडी त्याच्या दारावरून पळस्प्याला आणि तिथून घाटाकडे जाताना तो रोज पाहतो. तीनशे वर्षांपूर्वी गलबत होते, बैलांचे तांडे होते. माल बदलला, वाहन बदलले, पण दिशा तीच राहिली. ही गोष्ट पुस्तकात वाचून ध्यानात राहील न राहील; तटावरून बोट दाखवून सांगितलेली मात्र जन्मभर विसरायची नाही.

‘सांगतात’ आणि ‘लिहिले आहे’

गडावर कथा फार. कड्याला कड्याची, टाक्याला टाक्याची. प्रबळगडाशेजारचा कलावंतीणीचा सुळका घ्या. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या पाहून पोटात गोळा येतो. कोण्या राजाने कलावंतिणीवरच्या प्रेमापोटी हा जिना खोदवला, असे सांगतात. या कथेला कागदाचा आधार नाही. रायगडावरची हिरकणीची गोष्ट तर मराठी घरांत अंगाईसारखी मुरली आहे. तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेली गवळण आपल्याला खरीच वाटते, आणि वाटू द्यावी. पण ती लोकांच्या तोंडची आहे, दप्तरातली नाही.

मग या गोष्टी सांगूच नयेत काय? जरूर सांगाव्यात. फक्त सांगताना ‘असे सांगतात’ एवढे दोन शब्द जोडावेत. चांगला वाटाड्या मला त्या दोन शब्दांवरून ओळखू येतो. डोळ्यांना दिसते ते एक, कागदात किंवा शिलालेखात आहे ते दुसरे आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले ते तिसरे, अशी तीन गाठोडी तो वेगळी ठेवतो. कर्नाळ्यावर मराठी आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत. ज्यांच्याकडून गड घेतला आणि ज्यांच्याकडे तो गेला, त्या सर्वांच्या खुणा एकाच गडावर सापडतात. त्या दाखवायला वेळ लागतो आणि माहितीही लागते. त्यापेक्षा आवाज चढवून दोन लढाया सांगणे सोपे. टाळ्याही मिळतात. पण मुलाला ज्या दिवशी कळते की दादाने सांगितलेले काही खरे नव्हते, त्या दिवशी दादाने सांगितलेल्या खऱ्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. महाराजांचा इतिहास भक्कम आहे, त्याला पदरच्या तिखटमिठाची गरज नाही.

लिहिलेल्यांत एक अस्सल ठेवा आपल्यापाशी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले १७१६ च्या सुमाराचे आज्ञापत्र. गड कसा बांधावा आणि कसा राखावा, याचा पाठच त्यात आहे. आधी पाणी पाहा, नसेल तर कातळ फोडून टाकी करा, एका झऱ्यावर विसंबू नका. दरवाजा खालून सरळ दिसता कामा नये, पुढे बुरूज देऊन त्याची वाट आड घाला. आणि आणखी एक गोष्ट अशी की गडाच्या वाटांवर, बाजारात, तटावर केरकचरा पडू देऊ नका. तो गडाखालीही लोटू नका. जागच्या जागी जाळा, ती राख परसात टाका आणि तिच्यावर भाजीपाला करा. आज चिप्सच्या पुड्यांनी भरलेल्या टाक्यापाशी उभे राहून हे ऐकले की मान आपोआप खाली जाते. उपदेश करावा लागत नाही.

घेऱ्यातली माणसे

गड म्हणजे किल्लेदार आणि सैन्य, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस अशी वाटून दिलेली अधिकारपदे होती, म्हणजे सगळ्या किल्ल्या एकाच कमरेला नसत. त्याखेरीज गडाच्या भोवतीच्या मुलखाला, घेऱ्याला, फार महत्त्व. तिथे मेटांवर रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी अशा जमातींची माणसे चौकी-पहाऱ्याला असत. कोणत्या घळीतून चोरवाट जाते, कोणत्या कड्यावर घोरपडीसारखा माणूस चढू शकतो, हे त्यांना माहीत. गडाची खरी कुलपे तीच.

१८१८ नंतर इंग्रजांनी गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, कित्येक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. गड निकामी झाले तसे घेऱ्यातल्या माणसांचे पोटही निकामी झाले. पुरंदरच्या पहाऱ्याचा वारसा सांगणारे उमाजी नाईक याच रोषातून उभे राहिले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेले. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांच्या बंडाला साथ मिळाली तीही रामोशांची. किल्लेदाराचा नातू आणि पहारेकऱ्यांची नातवंडे पुन्हा एकत्र आली, असेच म्हणावे लागेल.

आज गडांच्या पायथ्याशी कोण राहते? रायगड जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी ठाकर आणि कातकरी बांधव. प्रबळमाचीवर, पेठच्या किल्ल्याच्या वाटेवर भटक्यांना पिठले-भाकरी, चहा, रात्रीचा आसरा यांच्याच घरी मिळतो. धुके दाटले की शहरातल्या म्होरक्याचा मोबाइल काम करीत नाही, तेव्हा वाडीतला एखादा पंधरा वर्षांचा पोरगा अनवाणी पुढे होतो आणि पन्नास जणांना सुखरूप खाली आणतो. त्याचे नाव सहलीच्या पत्रकात कधी नसते. जाताना कोणी शंभराची नोट हातावर ठेवली तर ठेवली.

इर्शाळगडाकडे जाणारी वाट इर्शाळवाडीतून जात असे. गडाच्या पोटाला बिलगलेली ठाकरांची वस्ती. नेढ्यापर्यंत जाणारे किती तरी जण तिथे पाणी प्यायले, जेवले, वाट विचारून पुढे गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात त्या वाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने यंत्रे पोचू शकली नाहीत. मदतीला धावलेल्यांनी हातांनी चिखल उपसला, आणि त्यांत ही वाट पायाखालची असलेले खोपोली-पनवेलकडचे गिरिभ्रमण करणारे तरुणही होते. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ सिडकोने घरे बांधली. पण गड आणि वाडी यांची ती सोबत संपली.

या घटनेतून भटक्यांनी एक गोष्ट मनाशी धरावी. गड आपल्याला वर्षातून एक दिवस लागतो. त्यांना तो वर्षभर अंगाखांद्यावर वागवावा लागतो. म्हणूनच गडाच्या सहलीतला पैसा पायथ्याच्या वाडीत किती राहतो, हा साधा हिशेब आयोजकाला विचारायला काय हरकत आहे? वाडीतल्या तरुणांना गडाचा इतिहास, प्रथमोपचार, दोराचे काम शिकवून वाटाडे म्हणून तयार केले, तर शंभराच्या नोटेऐवजी त्यांना रोजगार मिळेल. १८१८ साली तुटलेला गड आणि घेरा यांचा धागा थोडासा तरी सांधला जाईल.

दरवाजाला गर्दी ठाऊक नव्हती

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आपल्याकडचे रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. पण यादीत नाव गेले की पाय वाढतात. त्यात समुद्रावरचा पूल आणि नवी लोकल. कर्नाळा, प्रबळ, माणिकगड या यादीत नाहीत, पण मुंबईपासून ते सर्वांत जवळ आले आहेत, आणि गर्दी यादी पाहून येत नाही, अंतर पाहून येते.

२०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या वाटेवर माणसे तासन्‌तास अडकून पडल्याची दृश्ये सगळ्यांनी पाहिली. लोहगडाला एकामागून एक चार दरवाजे, वाट नागमोडी आणि अरुंद. एकाच वेळी फार माणसे आत शिरू नयेत म्हणूनच ती तशी बांधली होती! बांधणाराचे काम इतके चोख की इतक्या काळानंतरही दरवाजा गर्दी अडवतो आहे. गंमत सोडली तर धोका खरा आहे. अशा चेंगराचेंगरीत एक पाय घसरला तर मागची रांग खाली जाईल. त्यासाठी कडा लागत नाही, ओल्या पायऱ्या पुरतात. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या पथकांतले स्वयंसेवक पावसाळ्याचे रविवार कसे काढतात, ते त्यांच्या घरच्यांना विचारावे.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि आयोजकांना नोंदणीची अट घातली. पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी प्रशासन बंदीचे हुकूमही काढते. हे सारे हवेच. तरी कागदावरचा नियम गडावर नेणारी व्यक्ती शेवटी एकच असते. तिच्या मागे पंधरा माणसे असतील तर ती प्रत्येकाचा पाय कुठे पडतो ते पाहू शकते. पन्नास असतील तर फक्त डोकी मोजू शकते.

मुलांना पाठवण्यापूर्वी

तेव्हा आई-वडिलांनी जरा चौकसपणा करावा. लग्नाचा हॉल ठरवताना आपण पंखे मोजतो, पण मुलाला अनोळखी माणसाबरोबर कड्यावर पाठवताना एका फोनवर भागवतो. किती जण एका म्होरक्यामागे असतील? सर्वांत शेवटी चालणारा कोण? म्होरक्या या गडावर यापूर्वी याच ऋतूत गेला आहे का? प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरणारा माणूस बरोबर आहे का? पाऊस वाढला तर अर्ध्या वाटेवरून परतायची तयारी आहे का, की ‘माथा गाठणारच’ अशी जाहिरात आहे? परत फिरण्याची तयारी ठेवणाऱ्याकडे मुलाला निर्धास्त पाठवावे. महाराजांनीही तेवीस गड दिले आणि पुढे परत घेतले. माघार म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे मुलांना शिकवायला याहून चांगली जागा नाही.

मुलींच्या आयांची एक अडचण असते आणि ती उघड बोलली जात नाही. गडावर, वाटेत स्वच्छतागृहाची सोय काय, गटात म्होरक्या म्हणून एखादी बाई आहे का, हे निःसंकोच विचारावे. ज्या आयोजकाला हा प्रश्न अनपेक्षित वाटेल, त्याने अजून फार मुलींना गडावर नेलेले नाही, हे उघड आहे.

आजी-आजोबांनीही मनातून गड काढून टाकू नये. रायगडाला १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. ज्यांचे गुडघे हजारावर पायऱ्यांना नाही म्हणतात, त्यांनी पाळण्यात बसून जावे. राजसदर तीच आहे. कर्नाळ्याला गडापर्यंत नाही जमले तर रानातल्या वाटेवर तासभर बसून पाखरे पाहावीत आणि नातवंडे खाली आली की त्यांच्याकडून गडाची गोष्ट ऐकावी. मूल सांगू लागले की त्याला काय कळले आणि काय नाही, ते आपोआप समजते.

जासई, चिर्ले, चिरनेर, धुतुम या गावांतल्या तरुणांपुढे इथे एक काम उभे आहे. जमिनी गेल्या, मिठागरे गेली, विमानतळासाठी उलव्याची टेकडीही कापली गेली. पण या मुलखाची माहिती अजून त्यांच्याच घरांत आहे. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, १९८४ चा जासईचा लढा, उरणजवळचा द्रोणागिरी आणि त्यापलीकडे कर्नाळा, या सर्वांना जोडणारी एका दिवसाची फेरी बाहेरचा माणूस आखू शकणार नाही. आजोबांनी जमिनीसाठी गोळी का झेलली हे ज्याला घरात ऐकून माहीत आहे, त्याला गडासाठी माणसे का लढली हे पाठ करावे लागत नाही. पुलावरून उतरणाऱ्या गाड्यांना चहाची टपरी लागेल तशीच गड दाखवणारी माणसेही लागतील. ती बाहेरून आणायची की गावातून उभी करायची, हे गावानेच ठरवायचे आहे.

तोवर आपण वाचकांनी एवढे करावे. पुढल्या वेळी कर्नाळ्याच्या सहलीसाठी कोणी नाव मागितले की पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारावा, ‘‘जाताना शिरढोणला थांबणार का?’’ समोरच्याने ‘‘तिथे काय आहे?’’ असे विचारले, तर दुसऱ्या मंडळाची चौकशी करावी.